पापणी लवायच्या आत झालेला डेटाबेस

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या घरात बायकोला न सांगितलेली गोष्ट एक दिवस टिकत नाही, ही मात्र वर्षानुवर्षं टिकली. तेव्हा तुम्हीच पहिले. जरा सरकून बसा.

तसा मी वाईट माणूस नाही. (असं सगळेच म्हणतात, नाही का?) मित्राची गाडी नेली तर पेट्रोल टाकून परत करतो. ऑफिसात कुणी गिला वडा आणला तर शेवटचा उचलण्याआधी विचारतो तरी. पण एकदा — थांबा, आधी आमचं काम काय ते सांगतो, म्हणजे माझी लबाडी किती सोपी होती ते कळेल.

आमची अमरावतीतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, डेटाबेस लागला की आम्ही बटणं दाबत बसत नाही. काय हवं ते कोडमध्ये लिहितो, कमांड सोडतो, आणि क्लाउडवाली कंपनी डेटाबेस उभा करून देते, पुढे सांभाळतेही. सरावासाठी मात्र त्या क्लाउडची एक नक्कल आमच्या लॅपटॉपवरच चालते. तीच कमांड, तेच उत्तर. भातुकलीचा संसार म्हणा. कोडमधला एक पत्ता बदलला की नकलेतून खऱ्यात.

अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्याचं मोठं काम आलं, तेव्हा आम्ही सगळेच यात नवे होतो. आमचे साहेब तर आमच्याहून नवे. ज्याचं काम सरस, तो अकोल्याला राहून प्रोजेक्ट सांभाळणार, असं ठरलं. उमेदवार दोन, मी आणि माधुरी. माधुरी अकोल्याची. घरी लहान मुलगी, आणि ही बाई रोज एसटीने अकोल्याहून अमरावतीला यायची. पोरगी झोपेत असताना निघायची आणि झोपल्यावर पोचायची. मला अकोल्याची गरज काय होती? काहीच नाही. माझं सगळं अमरावतीत. फक्त जिंकायचं होतं.

साहेबांनी दोघांना शेजारी बसवलं. दोघांनी एकदमच कमांड सोडली. माझ्या स्क्रीनवर पापणी लवायच्या आत हिरवी ओळ — डेटाबेस तयार! माधुरीचा मात्र तयार होतोय, होतोय, होतोच आहे. चहा आला, पिऊन झाला.

साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अबे, झालं बी? अन् माधुरीताई, तुमचं कावून अजून फिरूनच राहिलं?"

तेवढ्यात मला दिसलं. मी पत्ता बदलायचाच विसरलो होतो. माझा डेटाबेस क्लाउडवर नव्हता, माझ्याच लॅपटॉपमध्ये होता. विसरलो हे खरं हो, अगदी आईशपथ. पण दिसल्यावर? तोंड उघडायला किती वेळ लागतो? उघडलं मी तोंड — आणि म्हणालो, "कोड नीट लिहिला की होते, साहेब."

झालं. अकोला मला मिळालं. खरा डेटाबेस तिथे उभा करायला निघालो, तर तो माधुरीच्याइतकाच रेंगाळला. मी अकोल्याच्या नेटवर खापर फोडून मोकळा. माधुरीने आपला कोड पुन्हा पुन्हा लिहिला. मला विचारायला आली, "मायं काय चुकून राहिलं, सांग ना." मी गंभीर चेहऱ्याने तिची फाईल चाळली आणि नेटवर्कबद्दल काहीतरी बरळलो. चुकलं काहीच नव्हतं. खऱ्या डेटाबेसला तेवढा वेळ लागतोच.

आणि गंमत बघा. अकोल्यात राहायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी रोज जाऊन-येऊन करू लागलो. सकाळी मी तिकडे, ती इकडे. मूर्तिजापूरच्या स्टँडवर कधी कधी आमच्या एसट्या शेजारी उभ्या राहत. ती खिडकीतून हात हलवायची, अकोल्यात जेवण कुठे चांगलं मिळतं ते ओरडून सांगायची. आणि मी जेवायचो तिथे. चांगलं असायचं. लाज वाटायची, पण पोळी उतरायची.

असं वर्षभर चाललं. मग तिने अकोल्यातच दुसरी नोकरी धरली. आज ती तिथे नव्या पोरांची साहेब आहे.

परवा तिच्या मुलीच्या वाढदिवसाला गेलो होतो. पोरगी आता आईच्या खांद्याला लागते. माधुरीने आपल्या टीमशी माझी ओळख करून दिली, "डेटाबेसले टाइम लागतेच, पोरंहो. फक्त याचाच एकदा झटक्यात झाला होता. कसा झाला, देवालेच मालूम!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

तिने तेव्हा माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं का? मला नाही सांगता येत. मी केक खाल्ला, दुसरा तुकडाही घेतला.

देवाला कशाला मध्ये आणायचं? मला मालूम होतं. त्या दिवशी खरा डेटाबेस एकच उभा राहिला, तो माधुरीचा. तिची पोरगी वर्षभर आईविना उठली, ती माझ्यामुळे.