पोलीस बाईची काठी

मुलांनो, काल दुपारी विसर्जनाची मिरवणूक आमच्या फाटकाशी थांबली आणि नाचणाऱ्यांतल्या एका धट्ट्याकट्ट्या माणसाने बंदोबस्तावरच्या पोलीस बाईच्या हातातली काठी हिसकावली.

"दादा, काठी द्या ना," ती म्हणाली.

"आधी नाचा मॅडम, मग देतो!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. माझे डोके भडकले. मी पुढे होऊन ओरडले, "पोलिसाचं हत्यार हिसकावणं गुन्हा आहे. तुरुंगात जाशील!"

तो हसला. त्या बाईनेच माझा हात धरला. "आजी, राहू द्या. तक्रार केली तर साहेब मलाच विचारतील, काठी सोडलीस कशी?"

शिक्षा कायद्याच्या पुस्तकात आहे. ती मागायची जबाबदारी मात्र आम्ही सगळ्यांनी त्या एकटीवर टाकली, आणि वर टाळ्या वाजवल्या.

ती चार पावले नाचली. काठी मिळाली.

आज पेपरात तिचा फोटो आला आहे. खाली लिहिले आहे, 'पोलिसांनीही धरला ठेका.' कात्रण सोबत पाठवते आहे. तिच्या पायांकडे पाहू नका, चेहरा पाहा.