कावळा शिवल्यानंतरची तार

रजेवर मोताळ्याला आलो होतो तेव्हाची गोष्ट. आठवडी बाजारात भजी खात उभा होतो. एका कावळ्यानं पुड्यावर झडप घातली नि जाताना माझ्या डोक्याला शिवून गेला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याकडे असं झालं की तो माणूस मेल्याची, निदान मरणाच्या दारात असल्याची खोटी खबर जवळच्या कुणाला तरी धाडतात. ते माणूस रडलं की अरिष्ट टळतं. मग दुसरी खबर, की सगळं खुशाल आहे. रजा संपेस्तोवर आई मागे लागली होती, नोकरीच्या गावाहून कुणाला तरी एवढी एक तार कर. मी जेट विमान चालवणारा माणूस, कावळ्याला काय भितो! हसून एसटीत बसलो.

पुढच्याच महिन्यात उड्डाण घेताना टायर फुटला. विमान धावपट्टी सोडून शेतात शिरलं आणि उलटं झालं. मी पट्ट्यांना उलटा लटकलेला, डोक्यावरचं काचेचं झाकण चिखलात रुतलेलं, उजवा पाय पत्र्यात चेपलेला. इंधन थेंब थेंब गालावर पडत होतं. बाहेर माणसं कुऱ्हाडी घालत होती आणि मला वाटत होतं, एक ठिणगी उडाली की संपलं. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

जिवंत काढलं, पण पाय चिघळला. डॉक्टर म्हणाले, कापावा लागेल. मी म्हटलं, आधी माझी माणसं येऊ द्या. तार गेलेली होती: मुलगा गंभीर, ताबडतोब निघा. पलंगाला जखडलेला मी दाराशी वाजणारं प्रत्येक पाऊल ऐकत होतो. कुणी आलं नाही. शेवटी डॉक्टर थांबेनात.

आई-वडील आले ते त्यानंतर. तार घरी पोचली तेव्हा आई गळा काढून रडली होती, मग डोळे पुसून तिनं पुरणाचा स्वयंपाक केला होता. पोरानं अखेर ऐकलं म्हणून. दोघं दुसऱ्या खबरीची वाट बघत बसली. ती आली, पाय कापल्याची.

आईनं चादरीवरून हात फिरवला. पाय संपला तिथं हात थांबला.

"रडली होती रे मी," ती म्हणाली, "पण खोटं समजून रडली."

मी म्हटलं, त्यानंच तर जीव वाचला. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे नोकरी सुटून मी मोताळ्याला परतलो. घरात माझ्या कुबडीचा आवाज आला की ती रडायची, खरं रडायची. तिला तसं रडत सोडून त्या घरातून बाहेर पडणं मला कधी जमलंच नाही.