मालिकेतल्या पोराचा कौल

मालिकेतलं पोरगं मेलं त्या संध्याकाळी आमच्या आळीत कुणी धड जेवलं नाही. वाढवून सांगत नाही. समोरच्या काकूंची भाकरी तव्यावर करपून कोळसा झाली आणि त्या दारात उभ्या राहून मालिका लिहिणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. "मुडदा बशिवला त्याचा! एवढं गुणाचं पोरगं, त्येला मारून काय मिळालं रं तुला?" जणू तो लिहिणारा आमच्याच स्टँडवर चहा पीत बसला होता.

मालिका तशी खुळचटच. सातारच्या बाजूचं एक कुटुंब आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगात काहीतरी शक्ती. बाप एका हातानं मालट्रक थांबवतो. थोरली सून काष्टा आवळते आणि उडते. लेकीला चार गावांपलीकडचं बोललेलं ऐकू येतं. आणि एवढं सगळं असून रोजचं भांडण कशावरून, तर पाणी कुणी भरायचं यावरून! म्हणून तर ती आमच्याकडं इतकी चालली. धाकटा मुलगा गुप्त व्हायचा. एकदा असा गुप्त झाला की त्याला परत दिसताच येईना, बोलताही येईना. मग त्याची आई रोज त्याचं ताट वाढायची आणि ताटातला घास आपोआप कमी व्हायचा. त्यावरून घरच्यांना कळायचं, पोरगं इथंच आहे.

माझ्या आईनं मालिका धरली ती त्या ताटापासून.

माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. किकवीच्या बाजूची भाजी पुण्याला न्यायचा. एका सकाळी माल उतरवून परत येताना त्यानं टेम्पो हायवेच्या कडेला लावला आणि तो गेला. कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही. चावी टेम्पोलाच, मोबाईल सीटवर, पाण्याची बाटली अर्धी प्यालेली. भांडण नाही, तंटा नाही, कुणाशी वाकडं नाही. पोलिसात तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले, मामांनी नदीचा काठ पायी तुडवला. काही नाही. वडील आधीच गेलेले, त्यामुळे घरात उरलो मी आणि आई. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते. मी जेवून उठले की तेच ताट पुढ्यात ओढून ती जेवते. वेगळं स्वतःचं असं ती वाढूनच घेत नाही.

कामथडीचे मामा दर पितृपंधरवड्यात फोन करतात. "ताई, आता त्येच्या नावानं म्हाळ घाल. जीव अडकून ऱ्हातो गं." आई एवढंच म्हणते, "जित्या माणसाचा म्हाळ घालत्यात व्हय?" आणि फोन ठेवते. मला दोघांचाही राग येतो. मामांचा येतो कारण ते बोलतात, आणि आईचा येतो कारण तिच्या त्या वाक्यावर माझाही विश्वास बसतो.

तर पोरगं मेलं त्या भागात काय झालं, धरणाची भिंत फुटायला आली. गुप्त झालेला धाकटा खाली शिरला, भिंत सावरली, गाव वाचलं. संध्याकाळी त्याच्या आईनं ताट वाढलं आणि ते तसंच भरलेलं राहिलं. सकाळ झाली तरी घास हलेना. मग बापानं ते ताट उचललं, बाहेर कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि मागं सरला. कावळा आला आणि शिवला. भाग संपला.

आमच्या घरात टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. आई जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत हाच विषय. कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून म्हणाला, "बापानं ताट उचलायलाच नको हुतं." मी वेल्ह्याला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानात काम करते. एक गृहस्थ सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले आणि मूळ कागद मशीनवर विसरून माझ्याशी वाद घालत बसले. "कावळा शिवला म्हंजे काय ओ? कावळा वडापावला बी शिवतो!" गावच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे गुप्त माणूस मरत नसतो. दुसरी म्हणे शिवला की संपलं. रडक्या तोंडांची चित्रं नुसती पावसासारखी पडत होती.

इथपर्यंत ठीक होतं. पण पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल समस्त ग्रामस्थ. मध्ये हार घातलेली रिकामी चौकट, कारण तो गुप्त. कामावरून येऊन स्टँडवर उतरले तर आई त्या फ्लेक्ससमोर उभी. दूध घालायला डेअरीवर आली होती, किटली हातात तशीच. रिकाम्या चौकटीकडं बघत होती.

माझं डोकंच फिरलं. दोरी तोडली, फ्लेक्स ओढून खाली पाडला. एक जण म्हणाला, "ताई, अगं गंमत हाय."

"गंमत तुझ्या घरी कर!"

मग त्याला माझ्यामागं आई दिसली, तशी त्याची मान खाली गेली. ही सगळी पोरं माझ्या भावाबरोबर क्रिकेट खेळलेली.

काकूंच्या डोक्यातून निघालं ते त्याच आठवड्यात. देवीला कौल लावायचा. आमच्याकडं काहीही अडलं की कौल लावतात. विहिरीला पाणी लागेल का, सोयरीक जुळेल का. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली कळी चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मालिकेतलं पोरगं परत येईल का हे देवीला विचारायचं, असं काकूंनी ठरवलं आणि आळीतल्या सगळ्या बाया हसत हसत तयार झाल्या. हसत होत्या खऱ्या, पण नारळ खरा घेतला होता.

मी म्हटलं, "काकू, ते लिहिणाऱ्याच्या हातात असतंय, देवीच्या न्हाई."

"अगं, त्या लिहिणाऱ्याला बुद्धी कोण देतं?" काकू म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला.

मंगळवारी आरती झाल्यावर सगळ्या देवळात थांबल्या. आईही होती. तिनं इतक्या वर्षांत माझ्या भावासाठी कौल कधीच लावला नव्हता. नवस बोलली, उपास धरले, पण कौल नाही. का ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. डावी पडली असती तर?

गुरवबाबांनी आधी बायांना झापलं. मग नारळ बघून नरमले. पण एक अट घातली. "कौल घरच्या माणसानं धरायचा असतो. प्रश्न ज्येचा, त्येनं म्होरं यायचं. ह्या पोराचं हितं घरचं कोण हाय?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मालिकेतल्या पोराचं घरचं माणूस आणायचं कुठून? आणि मग काकू बोलून गेल्या. मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. "वैनी, तुमीच व्हा म्होरं. तुमचा जीव लई त्येच्यावर."

काकूंनी जीभ चावली, पण तोवर आई पुढं गेली होती. मी तिचा पदर धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

गुरवबाबांनी कळ्या लावल्या, हात जोडले. "आई, ह्या माउलीच्या मनात जे पोर हाय ते परत येणार असंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे. पर कोड्यात ठिवू नकोस." आईचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मी अगदी शेजारी उभी होते, तरी मला शब्द ऐकू आला नाही. तेलाचा वास, बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. कळ्या हलेनात. एका बाईनं उगाच खाकरल्यासारखं केलं.

डावी पडली.

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. बाया हळहळल्या. काकूंनी पुन्हा एकदा लिहिणाऱ्याचा उद्धार केला. आई माझ्या दंडाला धरून देवळाच्या पायऱ्या उतरली. तिची बोटं इतकी रुतली की वळ उठले. घराजवळ आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "गेलं बघ ते मालिकेतलं पोरगं. म्या त्येचंच इचारलं हुतं."

"व्हय आई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवसापासून आई बदलली. मालिकेतलं पोरगं मेलंय, हे ती सगळ्यांना ठासून सांगायला लागली. डेअरीवर, नळावर, गिरणीत. कुणी म्हणालं, "आणतील ओ परत, अशीच असत्यात ही लोकं," की आई भांडायला उठायची. "देवीनं सांगितलंय! मेला म्हंजे मेला!" बाया चमकून बघायच्या. ज्या आईनं टीव्हीपुढं बसून त्याच्या ताटासाठी डोळ्यांतून पाणी काढलं, ती आता त्याच्या मरणावर अडून बसली होती. कारण कुणालाच कळलं नाही. मला कळलं होतं. देवीचं उत्तर कुणाच्या तरी वाट्याला जाणारच होतं. ते मालिकेतल्या पोराचं असलं, तर आपलं पोरगं अजून कुठंतरी होतं.

मग मीही तिच्या बाजूनं उभी राहिले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर त्या मालिकेच्या पानावर जायचे. हजारोंनी लोक लिहीत होते, त्याला परत आणा, नाहीतर बघणं बंद करू. कुणी शिव्या घालत होतं, कुणी हात जोडत होतं. त्या सगळ्यांत मी एकटीनं लिहिलं, "त्याला परत आणू नका. मेलेलाच राहू द्या. पाया पडते." लोक तुटून पडले माझ्यावर. एकीनं लिहिलं, "तुला काळीज आहे का नाही? त्याच्या आईचा तरी विचार कर."

मी मोबाईल उपडा ठेवला आणि मशीनमध्ये कागद भरत राहिले.

शेवटी व्हायचं तेच झालं. जाहिरात सुरू झाली. भरलेलं ताट, आणि खाली अक्षरं, शनिवारी संध्याकाळी सात वाजता. गावाला आनंदाचं भरतं आलं. मी घरी खोटंच सांगितलं, डिशचा रिचार्ज संपलाय. आईनं काळ्या पडद्याकडं एकदा बघितलं, माझ्याकडं बघितलं. शनिवारी केस विंचरले, पदर नीट घेतला आणि ती काकूंच्या घरी जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

खोलीत बायाच बाया. आई दाराजवळ, पाय जवळ घेऊन. मालिकेतल्या आईनं ताट वाढलं. त्या घरचे सगळे उठून जायला निघाले. आणि ताटातल्या भाकरीचा तुकडा आपोआप मोडला. वरणात बुडला. मग बोटं दिसली, मग मनगट, मग आख्खं पोरगं, हसत.

"आला गं बाई आला!" काकूंनी टाळी वाजवली, उठून आईला मिठीच मारली. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. स्टँडवर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. "बघा वैनी, आला का न्हाई? देवीचा कौल चुकला ओ!"

आई मिठीत तशीच उभी होती. "देवी कशाला खोटं बोलंल?" ती म्हणाली. फटाक्यांच्या आवाजात ते बहुतेक मलाच ऐकू आलं.

घरी आल्यावर तिनं रोजच्यासारखं ताट वाढलं. भाकरी, पिठलं, कांदा त्याला आवडायचा तसा हातानं फोडलेला. मी जेवले, म्हणजे दोन घास ढकलले. ती ते ताट पुढ्यात ओढून बसेल म्हणून वाट बघत राहिले. तिनं ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.

"आई, जेव की."

"ऱ्हाऊ दे झाकून. सकाळी लागंल."

मी माझं ताट उचलून मोरीत ठेवलं.

सकाळी मी जागी झाले तेव्हा ती अंगणात होती. ताट भिंतीवर ठेवलेलं. तिनं त्याला हात जोडले आणि मागं सरली, हुबेहूब मालिकेतल्या बापासारखी. समोरच्या आंब्यावर कावळे होतेच. एक उडाला, भिंतीवर टेकला, मान वाकडी करून ताटाकडं सरकला. आई बघत होती. अजून एक पाऊल, आणि शिवला असता.

"हुर्र!" आई किंचाळली. "हुर्र मेल्या! हात लावशील तर खबरदार!" तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला आणि भिंतीवर आपटला. कावळा उडाला. दुसरा आला. तिनं त्यालाही हाकललं. केस सुटलेले, पदर मातीत, ती ताटापुढं खराटा घेऊन येरझारा घालत होती आणि ओरडत होती, "न्हाई शिवायचं! म्या सांगते न्हाई शिवायचं!"

काकू दारात आल्या आणि तोंडाला पदर लावून तिथंच थांबल्या. मी पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले.