नालबंद जाऊ आणि माझं फाटक

माझी धाकटी जाऊ नालबंद आहे. घोड्यांचे खूर तासते, नाल ठोकते. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या कपड्यांना जळक्या खुराचा वास असतो. मी नाक मुरडलं की म्हणते, "ताई, खिडकी उघडू का?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

तिला मी पाण्यात पाहते, हे आधीच सांगून टाकते. स्वयंपाक यथातथा, आवराआवरीच्या नावाने बोंब, तरी जो तो तिचंच कौतुक करतो. दिवसभर घोड्याचा पाय मांडीत धरून वाकलेली असते आणि घरात शिरते ती गुणगुणत. मी शिवणकाम करते. बसून बसून माझ्या पाठीचा काटा ढिला होतो, त्याचं मात्र कोणाला काही नाही.

तिच्याकडे नाही असं माझ्याकडे एकच होतं, ते म्हणजे सासरे. रोज सकाळी बाबांना नदीपर्यंत मी न्यायचे. त्यांना अंधुक दिसतं, म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. वस्ती संपली की शेतांमधून नदीकडे जाणारी सगळ्यांची पायवाट आहे. तिच्यावरून मोटारसायकलवाले सुसाट जायला लागले, तेव्हा पायवाटेची देखभाल करणाऱ्या समितीच्या मानगुटीवर बसून मी तिथे लोखंडी फाटक लावून घेतलं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत आणि मधे वळसा घेऊन तिरकं निघावं लागेल असं फाटक. माणूस जातो, मोटारसायकल अडकते. वेल्डरने माप घेतलं तेव्हा मी पुढे आणि बाबा मागे, खांद्यावर हात ठेवून उभे राहिलो होतो. आमच्या दोघांच्या मापाचं फाटक होतं ते. सगळे त्याला वहिनींचं फाटक म्हणायचे.

मग बाबांचे गुडघे गेले. दारात खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, "नदीला पाणी आहे का गं?" मी म्हणायचे, आहे. फिरण्यातलं एवढंच उरलं.

आणि एका सकाळी जाऊ दारात घोडी घेऊन उभी. जाड, म्हातारी, पाऊल उचलायचंही जिवावर आलेली. आम्ही तिचं नाव सुस्ती ठेवलं. "पायरीवरून बाबांना हिच्यावर बसवू," जाऊ म्हणाली. "नदीपर्यंत जाऊन येऊ."

बाबांचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं खांदा मी दिला, आणि चेहरा उजळला तो घोडीमुळे.

ती लगाम धरून पुढे, मी मागून चालले. फाटकात सुस्तीने डोकं घातलं, मान घातली, आणि पोट अडकलं.

"यातून घोडं जात नाही," जाऊ म्हणाली.

"नाहीच जाणार," मी म्हणाले. मला आनंद झाला, उगाच कशाला लपवू? बाबा वरून म्हणाले, "पाण्याचा आवाज येतोय." आणि आम्ही तिथूनच मागे फिरलो.

जाऊ समितीकडे गेली. फाटक काढा, म्हणाली, आणि जमिनीवर गुडघ्याच्याही खाली राहतील असे लाकडी ओंडके आडवे टाका. घोडा पाय उचलून ओलांडतो, मोटारसायकल अडते, चालणाऱ्यांना भिंतीकडेला फट ठेवा. घोडेवाले बिचारे ट्रकांच्या रस्त्याने जातात, त्यांनाही वाट मिळेल. समितीने माना डोलावल्या. वेल्डर मात्र अडून बसला. "फाटक वहिनींचं आहे. त्या हो म्हणाल्या तरच कापीन." भला माणूस.

मी हो म्हणाले नाही. कोणी विषय काढला की मशीन जोरात चालवायचे. नवरा म्हणाला, "अगं, बाबांसाठीच लावलं होतंस ना?" त्याच्याशीही बोलणं सोडलं. बाबा दारात बसून नदीचं विचारत राहिले, आणि मी आहे म्हणत राहिले.

शेवटी एक दिवस जाऊ माझ्या मशीनसमोर येऊन बसली. गुणगुणणं नाही, काही नाही.

"ताई, का अडवताय?"

"घोडी तुझी, वाट तुझी, बाबांना नेणारी तू. मग माझं काय राहिलं?"

ती हातावरचे घट्टे चोळत बसली. मग म्हणाली, "मी या घरात आले तेव्हापासून रोज सकाळी खिडकीतून बघायचे. बाबांचा हात तुमच्या खांद्यावर. मी चला म्हटलं की म्हणायचे, तू राहू दे, थोरली आहे. एकदाही माझा खांदा धरला नाही त्यांनी. इतकी जळायचे मी तुमच्यावर. ही घोडी काही आपोआप आली नाही, चार ठिकाणी हातापाया पडून आणलीय."

मशीनवरचा माझा पाय थांबला. ही, आणि माझ्यावर जळते? खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी उठले आणि वेल्डरला फोन लावला.

आता बाबा रोज नदीवर जातात. घोडेवालेही जातात, बाबांना बघून थांबतात, बोलतात. जाऊ लगाम धरून पुढे, मी बाजूने. ओंडका ओलांडायला सुस्ती पाय उचलते तेव्हा बाबा डगमगतात, आणि त्यांचा हात खाली येऊन खांदा शोधतो. माझाच. जाऊ पुढून मान वळवून बघते, आणि मी बघू देते.

आज सकाळी मला कुठली सद्बुद्धी सुचली कोण जाणे. म्हणाले, "आज लगाम मी धरते, तू बाजूने ये." ओंडक्यापाशी सुस्तीने पाय उचलला. बाबांचा हात खाली आला आणि तिच्या खांद्यावर टेकला.

"धाकटी ना?" बाबा म्हणाले, आणि हात तिथेच राहू दिला.

तिचं गुणगुणणं थांबलं. तिचे डोळे भरून आले होते. ते मी बघितलं, कारण मान वळवून बघत होते. आणि पुन्हा जळले. उद्यापासून लगाम तिच्याकडेच.