अप्पांनी नापसंत केलेली फिल्म

मी व्हिडिओ आर्टिस्ट आहे असं सांगितलं की आमच्या नात्यातले लोक मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यातल्या साखरपुड्याचं शूटिंग करशील का, असं विचारतात. करते मी, त्यात काही कमीपणा नाही. पण दोनेक वर्षं माझं खरं काम घरातच चाललं होतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसरण्याचा आजार जडला होता आणि त्यांचं ते विसरणं मी कॅमेऱ्यात भरून घेत होते. शर्टाची बटणं अर्ध्यावर सोडून बसलेले अप्पा, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिला स्वयंपाकघरात शोधणारे अप्पा. शहरातल्या एका गॅलरीनं या फिल्मसाठी प्रदर्शनाची तारीखसुद्धा दिली होती.

अप्पांचा यशवंतपूरला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. आमचं घराणं बेंगळूरमध्ये इतकं जुनं की मराठी फक्त उंबऱ्याच्या आत उरली आहे, आणि तीही कन्नडच्या खांद्यावर हात टाकून चालते. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की अप्पा आधी गप्पा मारायचे. ऊटा आयता, म्हणजे जेवण झालं का, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं. बोलता बोलता चेहरा सैल पडला की बटण दाबायचे. आणि फोटो नापसंत झाला तर वाद घालायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत निगेटिव्ह कात्रीनं कापून टाकायचे. ज्याचा चेहरा त्याची मर्जी, असं त्यांचं म्हणणं. आई यावरून त्यांच्याशी कडाकडा भांडायची, पण ते ढिम्म हलायचे नाहीत.

एका रविवारी सकाळी मी जुळवून झालेली फिल्म त्यांना टीव्हीवर दाखवली. धाकटा भाऊही शेजारी बसला होता.

"हा कोण म्हातारा?" अप्पांनी विचारलं.

"तुम्हीच, अप्पा."

ते बघत राहिले. पडद्यावर ते आईला हाका मारत घरभर फिरत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला लहानपणीच्या हाकेनं बोलावलं.

"पुट्टी, हे लोकांना दाखवणार तू?"

"हो."

"नको गं. मला असं बघायला नको कुणी. साकु. पुरे झालं. काढून टाक सगळं."

मी टीव्ही बंद केला. दुपारपर्यंत ते हे सगळं विसरले आणि मला स्वतःची थोरली बहीण समजून 'अक्का, चहा टाक' म्हणू लागले.

"तू पण ना अक्का," भाऊ म्हणाला, "कशाला मनावर घेतेस? काय बोलतात ते त्यांनाच कळत नाही. उद्या परत विचार, 'सरी' म्हणतील."

ते खरंच होतं. शूटिंगआधी मी रोज सकाळी 'घेऊ का, अप्पा?' असं विचारायची आणि ते रोज 'सरी', म्हणजे बरं, म्हणायचे. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"हो म्हणाले की शहाणे, आणि नाही म्हणाले की आजारी?" मी ओरडले. "त्यांनी मला ओळखलं होतं. माझ्याकडे बघून नाही म्हणाले ते."

ओरडले खरी, पण भाऊ म्हणतो तेच बरोबर ठरावं असं मलाही आतून वाटत होतं. गॅलरीच्या बाईंना फोन केला तर त्यांनी मधला मार्ग सुचवला, चेहरा धूसर करू. मी सरळ नाही म्हटलं. अप्पांनी काय नको म्हटलं होतं ते मला पुरतं कळलं होतं, आता कळलं नाही असं सोंग आणण्यात अर्थ नव्हता. भीती प्रदर्शनाची नव्हती. उद्या ते मला कायमचे विसरणार, त्यात हेही गेलं तर माझ्याजवळ त्यांचं काय उरणार, ही भीती होती. दोन दिवस मी ती फिल्म एकटीच परत परत लावून बघितली.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मी लॅपटॉप आणि दोन्ही हार्ड डिस्क घेऊन त्यांच्यासमोर बसले. पाठीमागे पुसण्यात मजा नव्हती, जे करायचं ते त्यांच्या रिवाजानं.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"एका गिऱ्हाइकाला फोटो पसंत पडले नाहीत."

"मग काढून टाक. वाद घालू नकोस."

मी सगळं पुसलं. पुसलं जाईपर्यंत ते शेजारी बसून होते, आणि मी रडले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. का रडते ते त्यांना माहीत नव्हतं.

पण हातपाय गाळून बसणाऱ्यातली मी नाही. गॅलरीला सांगितलं, तारीख पुढे ढकला, फिल्म मी देणार. कशाची देणार ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात कॅमेरा पुसायला बाहेर काढला होता, तर अप्पांनी तो उचलला, खिडकीकडे बघून उजेडाचा अंदाज घेतला आणि मला म्हणाले, "बस तिथं." मी स्टुलावर बसले. त्यांचे हात थरथरत होते, पण धरण्याची पद्धत जुनीच होती. तेव्हापासून रोज सकाळी ते मला शूट करू लागले, रोज पहिल्यांदाच भेटल्यासारखे. त्यात तुमचा आवाज येतो, चालेल ना, असं मी विचारलं तर हसले. "माझं काय त्यात? फोटो तुझा," म्हणाले.

गॅलरीत शेवटी तीच फिल्म लागली. पडद्यावर मी, हलणारी, कधी अर्धं कपाळ कापलेली. अप्पा दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात.

"ऊटा आयता?"

"हो, झालं."

"गाव कुठलं?"

"हेच. बेंगळूर."

"घरी वडील आहेत?"

"आहेत."

"बरे आहेत ना? मी विचारलंय म्हणून सांग त्यांना."

"सांगते," मी म्हणते.