पहिल्या आईची सही
शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला ती कचेरी आठवते. मी दत्तक; माझा मूळ जन्मदाखला मागायला भोकरदनहून एसटीनं गेलो होतो, सोबत आई. कारकून म्हणाले, "जन्म देणाऱ्या बाईची सही आणा." मी विचारलं, "तिचं नाव काय?" "ते दाखल्यात हाय." "मंग दाखला दाखवा." "आधी सही आणा." मी टेबलावर हात आपटला, तसं शाईचं पॅड उडून त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडलं. शर्ट पुसत त्यांनी आईला विचारलं, "मावशी, पोरगा पहिली आई हुडकून राह्यला, तुम्हाला वाईट न्हाई वाटत?" आई म्हणाली, "वाटतं ना. पण ह्याचा हा तापटपणा कुणाचा, ते मला बी बघायचंय." दाखला अजून मिळालेला नाही. मी घरात चिडलो की आई म्हणते, "जल्दी हुडक रे तिला, मला जाब विचारायचाय."