तीन लसींचा कॉम्प्युटर

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. वडनेर भोलजीच्या आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नाही, आणि मी चढलो तोही अडखळतच. पण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे, त्यांच्यासमोर उभं राहून चार वाक्यं बोलण्याची हिंमत मला झाली नाही, म्हणून कागद घेतला. तर घरच्या कॉम्प्युटरची माझ्या मावसाजींइतकी काळजी घेणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि काळजीपोटी कॉम्प्युटरचे इतके हालही दुसऱ्या कोणी केले नसतील.

मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. चिखलीला जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो एकाच कामासाठी. आयुष्यभर हाताखालून गेलेल्या बैलांची वही त्यांना करायची होती. मालक, गाव, बैलाचं नाव, लक्षण, उपचार, शेरा. कागदावर यातलं काहीच नव्हतं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. "ट्रॅक्टर आले," ते म्हणायचे, "आता या बैलायचं नाव कोन घेईन?" कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहत होतो, तेव्हा टायपिंग शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. बैलाच्या कातड्यात गोचीड शोधावी तसे ते वाकून एकेक अक्षर शोधायचे आणि सापडलं की चिरडायचे. दिवसाला दोन बैल व्हायचे. एखादा मारका बैल असला तर एकच, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं जास्त असायचं.

अशा वेळी कोणीतरी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरला व्हायरस होतो. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर तो घाबरला असता. मावसाजींना उलट नोकरीत परत घेतल्यासारखा आनंद झाला. ते लगेच व्हायरसवरची लस, म्हणजे अँटिव्हायरस, आणायला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काका, फुकटचं घेऊ नका, फुकटच्यात दम नसते." मावसाजी तिथेच उखडले. "सरकारी लस फुकटच देल्ली आम्ही! साऱ्या तालुक्याची ढोरं तिच्यावरच जगली. तुह्या बापाची म्हैसबी!" दुकानदाराचे वडील आत बसले होते. त्यांनी बाहेर येऊन म्हैस जगल्याचं मान्य केलं, आणि फुकटच घ्यायचं हे ठरलं.

पण कोणतं? दुकानदाराने एक सांगितलं, शेजारच्या गणिताच्या सरांनी दुसरं, आणि मी भीतभीत तिसरं. मावसाजींनी स्थळं पाहावीत तशी तिन्हींची चौकशी केली. कोणत्या देशाचं, खातं किती, रोज ताजं होतं की नाही. एकाचा करारनामा त्यांनी शब्दकोश घेऊन चार दिवस वाचला. मी म्हटलं, "मावसाजी, खाली 'मंजूर' लिहिलं आहे, तिथं दाबायचं असतं. कोणी वाचत नाही." ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काऊन बे? न वाचता सही करून राह्यला तू? म्हून तर तुमच्या पिढीचं असं हाय." शेवटी त्यांनी निकाल दिला. तिन्ही टाकायची. "घटसर्पाची लस फऱ्याले चालत नाही, फऱ्याची खुरकताले चालत नाही. रोग तीन, तर एका जनावराले लसीबी तीन लागतेतच." तीन एकत्र चालत नाहीत, ती एकमेकांनाच रोग समजतात, हे मी पुटपुटलो. पण जिल्हाभर सुई घेऊन फिरलेल्या माणसाला लसीबद्दल काय सांगणार? त्या दिवसापासून सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की मावसाजी अंघोळ, पूजा आणि नाष्टा उरकून यायचे, तेव्हा तो जेमतेम जागा होत असे. एक पहारेकरी दुसऱ्याला चोर म्हणायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि मावसाजी समाधानाने मावशीला सांगायचे, "पाह्य, कसे सावध हायेत!"

त्यांचा दुसरा नियम पेन ड्राइव्हचा. नवं जनावर आणलं की पंधरा दिवस वेगळं बांधायचं, मग गोठ्यात घ्यायचं. म्हणून माझा पेन ड्राइव्ह त्यांनी सुतळीला बांधून मागच्या रिकाम्या गोठ्यातल्या खुंटीवर टांगला. "तुह्या कॉलेजात शंभर पोरं एकाच हौदावर पानी पेतात," ते म्हणाले. "पंधरा दिवस राहू दे." माझा प्रकल्प त्यात होता आणि सोमवारी द्यायचा होता. मावशीने रदबदली केली, "अहो, पोराचं काम अडून राह्यलं ना!" मावसाजी म्हणाले, "रोगाले काम समजत नाही."

शनिवारी दुपारी ते झोपले असताना मी ती सुतळी सोडली. पेन ड्राइव्ह लावला, शेवटचं प्रकरण टाइप केलं, प्रकल्प कॉलेजच्या सरांना मेल केला, आणि मावसाजी उठायच्या आत पुन्हा गाठ मारून खुंटीला टांगून ठेवला. तिन्ही पहारेकरी तेव्हा एकमेकांशी भांडण्यात गुंतले असावेत. दुसऱ्या दिवशी बैलांच्या वहीच्या जागी नुसतं एक चिन्ह होतं. त्यावर दाबलं तर काहीच उघडेना. दुकानदार आला, 'व्हायरस' म्हणत मान हलवली आणि सगळं पुसून कॉम्प्युटर कोरा करून दिला. दीडशे बैल गेले. मावसाजींनी चष्मा पुसून पडदा पुन्हा एकदा पाहिला. मी दारात उभा होतो. सांगायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. ते एवढंच म्हणाले, "साथ आली का जनावरं जातेतच." मग खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या बैलाचं पहिलं अक्षर शोधू लागले.

माझा प्रकल्प चांगला झाला, हे लिहितानाही लाज वाटते. पुढे मी अमरावतीला शिकायला आलो. पोळ्याला मावसाजींचा निरोप यायचा, "ये, पुरनपोळी हाय." एका वर्षी मी परीक्षेचं कारण दिलं, दुसऱ्या वर्षी तापाचं. खरं कारण तो पडदा होता. त्याच्यासमोर त्यांना एका बोटाने टाइप करताना मला पाहवलं नसतं.

परवा मावशीचा फोन आला. "त्यायची वही झाली बाबू. समदे बैल आठोले. आता दोन लसी काढून टाकल्या, एकच ठेवली. तुले मेल केला म्हनतेत, पाह्य." मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर वही उघडली. चाँद्या होता, बांड्या होता, इंजेक्शनची सुई पाहून खाली बसणारा सर्ज्या होता. शेवटच्या पानावर एक नोंद होती, ती आधीच्या वहीत नव्हती.

"मालक: आमची साळी, म्हंजे बायकोची बहीन, वडनेर भोलजी. नाव: तिचा मोठा पोरगा. लक्षण: सुतळीची गाठ माझी नव्हती, ढोरं बांधनाऱ्याची गाठ तशी नसते. त्या दिवसापासून मान खाली. दोन पोळे झाले, फिरकला नाही. उपचार: काही केला नाही, आपोआप बोलेल असं वाटलं. शेरा: जनावर गुनी हाय. वेगळं बांधायचे पंधरा दिवस कधीचेच झाले. घरी आनावं."